आठ खोल्या, चौतीस मुहूर्त

कुंभकोणमला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, देवळं किती पाहिलीस? एकही धड नाही. तीन दिवस मी तिथे नळ सोडून पाहिले, गाद्या दाबून पाहिल्या, प्लगमध्ये चार्जर खुपसून पाहिले. दारासुरमचं शिवालय मी स्कूटरच्या मागच्या सीटवरून, डाव्या बाजूनं, साधारण अर्धा मिनिट पाहिलं. तेव्हा गोपुरांची वर्णनं वाचायला बसला असाल तर इथेच उठा.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात प्रशासन खातं सांभाळते. आम्ही भातगिरण्यांची यंत्रं बनवतो. कावेरीच्या त्या पट्ट्यातल्या पाच-सहा गिरण्यांत आमची नवी यंत्रं बसायची होती, म्हणून आठ इंजिनियर वर्षभर कुंभकोणमला मुक्काम करणार होते. त्यांच्यासाठी हॉटेल ठरवणं माझ्याकडे. कामावर निघालेल्या माणसाला हॉटेल योग्य आहे की नाही हे ताडण्यासाठी मी स्वतः एक फॉर्म तयार केला आहे, चौसष्ट प्रश्नांचा. ऑफिसात त्याला ‘बाईंच्या चौसष्ट कला’ म्हणतात, माझ्या पाठीमागे.

हॉटेलचं नाव सांगत नाही. त्यांच्या वेबसाइटवर खोलीत लिहायचं टेबल होतं, सभागृह होतं, ‘व्यावसायिक प्रवाशांचं माहेरघर’ असं काहीसं इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी भुलले.

सोमवार

चेन्नईहून रात्रीची गाडी पकडून सकाळी पावणेआठला मी हॉटेलच्या दारात उभी होते. अंग आंबलेलं, केसांचा झाडू झालेला, आणि डोक्यात एकच विचार, गरम पाण्यानं अंघोळ. काउंटरवर सेल्वी नावाची मुलगी होती. तिनं माझं बुकिंग पाहिलं, हसली, आणि आत जाऊन मॅनेजरना घेऊन आली.

साठीचे, सडपातळ, पांढरी पँट, कपाळावर गंधाची बारीक रेघ. माझं आडनाव वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“तुम्ही मराठी न्हवे? या, अक्का, या. बैसा. मी शंकरराव. अम्हीही मराठीच. अमचे पूर्वज राजाबरोबर तंजावुरास आले. तिकडे कोठून, तें मज ठावें नाहीं.”

माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणत होता, तेही अशा मराठीत की जुन्या दप्तरातला एखादा कारकून उठून बोलायला लागलाय असं वाटावं. ‘भ’ जरा ‘ब’कडे झुकलेला, सगळी वाक्यं तमिळ हेलाची. एरवी मला गंमत वाटली असती. आत्ता मला अंघोळ हवी होती.

“खोली?”

“सिद्ध होत आहे. कापी घ्या.”

कॉफी आली. पितळी पेला, पितळी वाटी, वर बोटभर फेस. पुण्यात ज्याला आपण फिल्टर कॉफी म्हणून पितो ते काय असतं, हा प्रश्न मला पहिल्या घोटालाच पडला. दुसरी कॉफी आली. आठ वाजले. मी विचारलं, खोली? “होत आहे, अक्का.” इडल्या आल्या. साडेआठ झाले. तेवढ्यात बॅगा घेऊन दोन माणसं आली, सेल्वीनं त्यांना किल्ली दिली आणि ती वर गेलीसुद्धा. माझ्या खोलीची किल्ली तिच्या मागच्या फळीवर लटकताना मला स्वच्छ दिसत होती. मी फॉर्म काढला. प्रश्न पहिला, आल्यापासून खोलीत पोचेपर्यंत लागणारा वेळ. आमची मर्यादा दहा मिनिटं.

बरोबर नऊला, ठोका पडल्यासारखे, शंकरराव किल्ली घेऊन हजर. “चला, अक्का.”

“खोली मघाशीच तयार होती ना?” मी उभी राहिले, पण हलले नाही. “मग मला सव्वा तास का बसवलंत?”

ते जरा संकोचले. सेल्वीनंच सांगून टाकलं, “राहुकालम्, मॅडम. मंडे, सेव्हन थर्टी टु नाइन.”

आपल्याकडेही राहुकाळ असतो, भिंतीवरच्या कॅलेंडरात, बारीक टायपात. त्यापायी पाहुण्याची अंघोळ अडवलेली मी आजवर पाहिली नव्हती. “आणि ती दोन माणसं? त्यांना नाही लागत राहुकाळ?”

“ते निजावयास आले,” शंकरराव म्हणाले. “तुम्ही निकाल करावयास आलांत. तुमचें पहिलें पाऊल बऱ्या वेळी पडावें म्हणून थांबविलें. कोपूं नका.”

मग जिना चढता चढता त्यांनी मला सगळं सांगितलं, मी न विचारता. हॉटेलचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगे चेन्नईत. खाली लग्नाचा हॉल आहे, तो चालतो. वरच्या चोवीस खोल्या लग्नं नसली की रिकाम्या पडतात. मुलांना सगळी इमारत एका मंडपवाल्याला द्यायची आहे, त्याची माणसं त्याच्याबरोबर येतील. एखादी कंपनी वर्षभर आठ खोल्या घेत असेल तरच हॉटेल ठेवू, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि तशी एकच कंपनी चालून आली होती.

“लग्नं तशीच होतील, अक्का. अम्ही बावीस जण नसूं.”

मला फार राग आला. हे असं कुणी परीक्षकाला आधी सांगतं का? मी नळ तपासायला आले होते, बावीस माणसांचं ओझं उचलायला नव्हे.

खोली. चादरी पांढऱ्या शुभ्र, पंखा नवा, पाणी कढत. आणि लिहायचं टेबल नाही. आरसा होता, त्यावर कुण्या नवरीकडच्या बायकांनी चिकटवून ठेवलेल्या तीन टिकल्या होत्या. टेबलाचं विचारलं तर कळलं की सगळी टेबलं खाली हॉलमध्ये असतात, लग्नातले आहेर मांडायला. पंधरा मिनिटांनी एक टेबल वर आलं, सॅटिनच्या गुलाबी झालरीसकट. झालर खिळ्यांनी ठोकलेली. प्लग एकच होता आणि तो चालू केला की पंखा बंद व्हायचा. इंटरनेट खोलीत नव्हतं, कॉरिडॉरमध्ये नव्हतं, ते पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर होतं, तिथल्या गणपतीच्या कोनाड्यासमोर. सेल्वी म्हणाली, तिथे रेंज फुल असते.

अकरा वाजता साहेबांबरोबर व्हिडिओवर मीटिंग होती. मी जिन्याच्या वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. सभागृहात बसावं म्हणून आधी डोकावले होते, तर तिथे एका गरोदर मुलीचा बांगड्या भरण्याचा कार्यक्रम चालला होता. आपल्या डोहाळजेवणासारखाच, फक्त फुलांचा मारा दसपट. साहेब बोलायला लागले आणि त्या कार्यक्रमाच्या बायका जिन्यावरून ये-जा करू लागल्या. सवाष्ण दिसली म्हणजे तिला सोडून कसं जायचं? पहिलीनं गळ्याला चंदन लावलं. दुसरीनं कुंकू लावून केसांत गजरा खोचला. तिसरीनं माझा माउसवरचा हात उचलून त्यात हिरव्या काचेच्या बांगड्या चढवायला घेतल्या.

“बाई, तुम्ही कुठे आहात?” साहेबांनी विचारलं.

“हॉटेलमध्ये, साहेब. तपासणी चालू आहे.”

मीटिंगमधली दहा माणसं हसली. मी बारा वर्षं त्या मीटिंगांना बसते आहे, असं कधी झालं नव्हतं. फॉर्मवर ‘कामासाठी शांत जागा’ या प्रश्नापुढे मी इतक्या जोरात शून्य काढलं की कागद फाटला.

जेवण केळीच्या पानावर. वत्तकुळंबू म्हणून जो काळसर आंबट रस्सा होता, तो मी तीनदा मागितला. हे लिहिणं प्रामाणिकपणाला धरून आहे म्हणून लिहिते. पण आमच्या इंजिनियर मुलांना रात्री पोळी लागते. चपाती मिळेल का विचारल्यावर स्वयंपाकी उत्साहानं करून घेऊन आला. ती पापडासारखी मोडली. मी म्हटलं, मऊ हवी. त्यानं तुकड्यांवर तूप ओतलं.

संध्याकाळपर्यंत चौसष्टपैकी एकोणतीस प्रश्नांत हॉटेल नापास होतं.

मंगळवार

हॉटेल ते कामाची जागा, अंतर आणि सोय, हे प्रश्न सदतीस ते एकेचाळीस. हॉटेलची गाडी म्हणजे शंकररावांची स्कूटर. मी म्हटलं रिक्षा करते, तर म्हणाले, पाहुण्याला एकटं कसं पाठवायचं? तेव्हा वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मांडीवर फाइल, डोक्यावर त्यांच्या मुलीचं हेल्मेट, अशी मी चोळपुरमच्या गिरणीकडे निघाले. दोन्ही बाजूंना भातशेती, पाणी भरलेली, बगळे. हवा ओली आणि इतकी स्वच्छ की मी दोन किलोमीटर चिडायचं विसरले. मग एका खड्ड्यात फाइल पडली. शंकरराव गुडघाभर चिखलात उतरले आणि फॉर्म घेऊन वर आले. प्रश्न पंचेचाळीस ते बावन्न आजही तांबूस आहेत.

गिरणीवाले भले लोक. मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी दोन मोठ्या खोल्या बांधलेल्या, धान्याच्या दिवसांत व्यापारी उतरतात म्हणून. पाहून घेतल्या, फॉर्मच्या पाठीवर लिहून ठेवल्या, आणि परतताना दारासुरमला शंकररावांच्या घरी थांबलो. गल्लीत दर दुसऱ्या घरातून मागाची खटखट. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी पान मांडलं आणि वाढायला घेतलं. भात, पिठलं, आणि डांगर. उडदाचं पीठ ताकात कालवून वर मिरचीची फोडणी, अगदी माझी आजी करायची तसं. पुण्यात आता डांगर म्हटलं तर तिशीतली माणसं भोपळा समजतात. मी दोनदा घेतलं.

“तुमच्याकडे हें करतात?” कमलाबाईंनी विचारलं.

“करायचे,” मी म्हटलं.

“मग आतां काय म्हणून सोडलें?”

जेवण झाल्यावर मी पदर खोचून मुद्द्यावर आले. माझ्या पिशवीत आमचा छापील करार होता. टेबल, प्लग, चपाती, हे सगळं सुधारता येतं. पण त्यातला एक मुद्दा सुधारण्यातला नव्हता. “शंकरराव, वर्षातले सगळे दिवस आठ खोल्या आमच्या. एकही दिवस अपवाद नाही. देणार?”

कुठल्याही हॉटेलचा कुठलाही मॅनेजर या प्रश्नाला एका सेकंदात हो म्हणतो. शंकरराव उठले आणि खुंटीवरचं पंचांग घेऊन आले. त्याच्या पानापानांवर शाईच्या खुणा. ते बोट ठेवत मोजायला लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, “चौतीस दिवस नाहीं, अक्का. त्या मुहूर्तांस सगळ्या खोल्या लग्नाच्या माणसांस दिल्या आहेत. उदईक, बुधवारींही एक आहे, तुमची खोली तेवढी आधींच राखिली. आडी महिना तुमचा, मार्गळी महिना तुमचा, तेव्हां कोणी लग्नें करीत नाहीं. बाकीही तुमचे. हे चौतीस नाहींत.”

“दिल्या म्हणजे? लिहून दिल्यात?”

“पान दिलें.”

तिथली रीत मला तेव्हा कळली. लग्नघरचा माणूस येतो, मुहूर्त सांगतो, मॅनेजर त्याला ताटातून दोन विड्याची पानं आणि सुपारी देतो, तो घेतो. संपलं. पावती नाही, सही नाही. कुंभकोणमची पानं म्हणे तिकडे नावाजलेली आहेत, कोवळी, तोंडात विरघळणारी. असतील. मला त्या क्षणी ती सगळी कावेरीत बुडवावीशी वाटली.

“अहो शंकरराव,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, कमलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, “तुमची बावीस माणसं आहेत. तुम्हीच सांगितलंत. चौतीस दिवसांपायी वर्ष घालवणार? त्या लग्नवाल्यांना दुसऱ्या लॉजवर पाठवा. गावात पंचवीस लॉज आहेत!”

त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, “चला.”

चार घरं सोडून मुरुगेसन नावाच्या विणकराचं घर. खोलीभर माग, मागावर मोरपंखी साडी, अर्धी झालेली. तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न आणि ही तिचीच साडी. मुहूर्त अर्थातच चौतिसांतला. शंकररावांनी त्याला तमिळमध्ये सगळं सांगितलं, माझ्याकडे हात करून, काही न लपवता. मुरुगेसननं पाय मागाच्या खड्ड्यातून वर घेतले. माझ्याकडे पाहिलं, शंकररावांकडे पाहिलं, आणि थोडंसंच बोलला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, बावीस घरांचा प्रश्न असेल तर खोल्या घ्या. व्याही मंडळींस अम्ही येथेंच चटया घालूं.”

“मग सुटलं की!” मी टाळी वाजवायचीच राहिले.

शंकररावांनी मान हलवली. मुरुगेसनच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले आणि मला म्हणाले, “त्यानें म्हणणें त्याचें मोठेपण. अम्हीं घेणें बरें न्हवे. एकाचें परत घेतलें तर तेहतीस जण उदईक दारीं येऊन विचारतील, अमचें आहे कीं गेलें?”

मी जाऊन स्कूटरवर बसले. मला दोघांचाही संताप आला होता. एक आपणहून द्यायला निघालेला, दुसरा घ्यायला तयार नाही, आणि दोघांच्या मधोमध मी, चिखलानं माखलेला फॉर्म घेऊन. देऊळ दिसलं ते तेव्हाच. थांबायचं का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

बुधवार

पहाटे साडेचारला नादस्वरम् सुरू झालं, माझ्या बरोबर खाली. सनईच्या दुप्पट लांब, दुप्पट दणकट वाद्य आहे ते. जोडीला तविल, म्हणजे ढोलकीचा थोरला भाऊ. उशी कानावर घेतली. मग दोन्ही उशा घेतल्या. शेवटी उठून अंघोळ केली आणि खाली आले तर लिफ्टमध्ये केळीचे दोन खांब घडांसकट उभे होते, माणसाला जागा नाही. नाश्ता म्हणजे लग्नाची पंगत, दुसरं काही नाही. नवऱ्या मुलाच्या मामांनी हाताला धरून मला बसवलं. आमचा इंजिनियर सकाळी सातला गिरणीवर निघणार, त्याला तुम्ही पानावर बसवून पायसम वाढणार? फॉर्मवर शून्य. पायसम मात्र मी संपवलं.

आठ वाजता पुन्हा जिन्याच्या वळणावर गेले आणि तंजावरच्या दुसऱ्या एका हॉटेलला फोन लावला. पर्याय म्हणून आधीच हेरून ठेवलेलं होतं, कामापासून चाळीस किलोमीटर. तिथल्या मॅनेजरला तोच प्रश्न विचारला, वर्षातले सगळे दिवस आठ खोल्या?

“येस मॅडम, नो प्रॉब्लेम.”

“लग्नाच्या मुहूर्तांनासुद्धा?”

“नो प्रॉब्लेम.”

“पुढच्या वर्षी की या वर्षीपासून?”

“नो प्रॉब्लेम, मॅडम.”

मी फोन ठेवला. वीस वर्षं मी हॉटेलं ठरवते आहे. असा प्रत्येक नो प्रॉब्लेम पुढे एका संध्याकाळी माझ्या घरच्या फोनवर येऊन आदळलेला आहे. एकदा तर आमचे पाच जण कुठल्याशा पुढाऱ्याच्या सभेपायी खोल्यांतून बाहेर काढले गेले आणि गाडीत झोपले, आणि तो मॅनेजर फोन उचलायला तयार नव्हता. इथे एक माणूस होता जो मला वर्षभर आधी, तारखेसकट, कोणत्या दिवशी खोल्या देणार नाही ते सांगत होता. आणि मी त्याच्यावर ओरडत होते.

साहेबांना फोन केला. “हॉटेल योग्य नाही,” म्हटलं. “चौसष्टपैकी एकतीस शून्यं.”

“मग तंजावरचं घ्या.”

“नाही. मला हेच हवंय.”

साहेब म्हणाले, “बाई, काय ते तुम्ही ठरवा, पण करार आपला छापील. त्यात काही बदलायचं नाही.”

लग्न लागून माणसं पांगल्यावर मी शंकररावांना पंचांग घेऊन बोलावलं. दोघं गुलाबी झालरीच्या टेबलाशी बसलो. आमच्या मुलांना दीड महिन्यानं घरी सोडावंच लागतं. त्या रजा मुहूर्त बघून लावायला सुरुवात केली. चौतीसपैकी सव्वीस बसले. उरलेल्या आठ दिवसांसाठी चोळपुरमच्या गिरणीतल्या त्या दोन खोल्या होत्या, फोन करून विचारून घेतलं. कारखान्याच्या रजा पंचांगावरून ठरवणारी मी पहिलीच बाई असेन.

मग करार पुढे ठेवला. सगळ्या दिवसांचं कलम आलं तसा त्यांनी पेन खाली ठेवला. मी माझ्या पेननं ती ओळ खोडली, बाजूला चौतीस तारखा लिहिल्या आणि सही केली. छापील करारातलं एक अक्षरही बदलायचा मला अधिकार नाही.

ते शेवटपर्यंत वाचत गेले, बोट ठेवून ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं. “हें काय, अक्का?”

कंपनी तीस दिवसांची सूचना देऊन करार कधीही रद्द करू शकते, कारण न देता. “ते छापील असतं,” मी म्हटलं. “सगळ्याच करारांत असतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सेल्वीला हाक मारली. ती ताट घेऊन आली. दोन पानं, सुपारी, हळकुंड. शंकररावांनी ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“तुम्ही हें घ्या. मग मी सही करतों. त्या ओळीचें मग काय?”

मी पान घेतलं. त्यांनी सही केली, तीस दिवसांच्या कलमासकट, खाली गोल तमिळ अक्षरांत. खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटली. त्यांचा शब्द ते पाळणार हे मला ठाऊक होतं. आमच्याकडचा कोण पाळणार होतं?

संध्याकाळी स्टेशनवर सेल्वी आणि शंकरराव दोघं पोचवायला आले, डब्यात दहीभात आणि वेगळ्या पुडीत चपात्या. त्या चपात्या मी त्रिचीच्या पुढे खायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

ही गोष्ट चार महिन्यांपूर्वीची. आमचे आठ जण आता तिथे आहेत. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी त्यांची रजा सुरू होते, नाहीतर ते गिरणीतल्या खोल्यांत जातात. टेबलांच्या झालरी काढल्या, प्लग वाढवले, इंटरनेट अजून जिन्यावरच आहे. तक्रारी मला रोज येतात आणि सगळ्या खऱ्या असतात. व्यावसायिक प्रवाशासाठी ते हॉटेल योग्य नाही, हे मी आजही लिहून देईन.

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तंजावरला एक नवीन हॉटेल झालंय, प्रत्येक खोलीत टेबल, जिम, पोळ्या, आठही खोल्या बाराही महिने. कुंभकोणमला तीस दिवसांची नोटीस काढायची. त्यांनी ती टाइप करून घेतली होती, दोन ओळींची. खाली माझ्या सहीची जागा.

“वर्ष पुरं होईपर्यंत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी करार उघडून ते कलम माझ्यासमोर धरलं. माझी तारखांची खोडाखोड त्यांना तेव्हाच दिसली असणार, त्याबद्दल काही बोलले नाहीत. “तीस दिवस, इथे स्पष्ट आहे. वर्षाचं कुठे लिहिलंय, दाखवा मला.”

“कुठेच नाही,” मी म्हटलं, आणि नोटीस सही न करता त्यांच्या टेबलावर ठेवून माझ्या जागेवर येऊन बसले.